डब्यातली अमिनो आम्लं आणि मनातली उदासी

(व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि उत्तरं.)



आजचा विषय एका साध्या प्रश्नातून आला आहे. पालघर-बोईसर पट्ट्यात हा प्रश्न हल्ली सारखा कानावर येतो. समजा, तारापूर एमआयडीसीत काम करणारा एक तिशीतला माणूस आहे. आठवड्याला शिफ्ट बदलते. नाईट करून सकाळी घरी येतो, तर झोप लागत नाही. जेवणावर मन नाही, चिडचिड होते, पूर्वी मित्रांबरोबर केळव्याच्या किनाऱ्यावर जायचा, तेही आता नकोसं वाटतं. मोबाईलवर त्याला एक व्हिडिओ दिसतो. ‘उदासी म्हणजे मेंदूत सेरोटोनिन कमी. सेरोटोनिन बनतं ट्रिप्टोफॅन नावाच्या अमिनो आम्लापासून. मग घ्या ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या.’ डॉक्टरकडे जायला संकोच वाटतो, डबा मात्र ऑनलाईन घरपोच मिळतो. मग तो विचारतो, ‘घेऊ का?’

या प्रश्नाला नुसतं ‘घे’ किंवा ‘नको’ म्हणून चालणार नाही. त्या व्हिडिओतली दोन वाक्यं अर्धी खरी आहेत, आणि अर्धं खरं नीट उलगडावं लागतं. आज आपण चार गोष्टी बघणार आहोत. हा कच्चा माल शरीरात कसा येतो, तो मेंदूत कसा शिरतो, तिथे जास्त माल टाकला तर जास्त उत्पादन होतं का, आणि डब्यात नक्की काय असतं.

कच्चा माल

आपण जे प्रोटीन खातो, मग ती डाळ असो, अंडं असो की सातपाटीचा सुका बोंबील, त्याचे पोटात तुकडे होतात. ते तुकडे म्हणजे अमिनो आम्लं. आपल्या शरीराची प्रथिनं अशा २० अमिनो आम्लांपासून बनतात. त्यातली ९ शरीराला स्वतः करता येत नाहीत, ती जेवणातूनच यावी लागतात.

मनाच्या संदर्भात दोन नावं लक्षात ठेवा. पहिलं ट्रिप्टोफॅन. त्यापासून आधी ५-एचटीपी, मग सेरोटोनिन आणि पुढे झोपेशी संबंधित मेलाटोनिन तयार होतं. दुसरं टायरोसिन. त्यापासून डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन तयार होतं. व्हिडिओतला हा भाग खरा आहे.

मग आपल्या जेवणात ट्रिप्टोफॅन कमी पडतं का? साधा हिशेब करू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे ४ मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन लागतं. ६५ किलोच्या माणसाला झालं २६० मिलिग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे त्याच माणसाने दिवसाला साधारण ५४ ग्रॅम प्रोटीन खावं. मिश्र जेवणातल्या प्रोटीनमध्ये ट्रिप्टोफॅन ढोबळमानाने १ टक्का धरलं, तर ५४ ग्रॅममधून ५४० मिलिग्रॅम मिळतं. म्हणजे गरजेच्या दुप्पट. जो माणूस डाळ-भात, भाकरी, दूध, अंडी किंवा मासळी असं पोटभर जेवतो, त्याच्या उदासीचं कारण ‘माल संपला’ हे बहुधा नसतं.

माल खरोखर संपतो तेव्हा

पण माल खरोखर कमी पडला तर मनावर परिणाम होतो का? होतो, आणि फार वाईट होतो. त्याचं उदाहरण आपल्याच दख्खनच्या पठारावर आहे.

पेलाग्रा नावाचा एक आजार आहे. उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवर काळपट चट्टे पडतात, जुलाब होतात, आणि मन बिघडतं. उदासी, झोप न येणं, पुढे भ्रम आणि स्मृतिभ्रंशसुद्धा. हा आजार नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होतो. शरीर हे नायसिन ट्रिप्टोफॅनपासूनही बनवू शकतं. साधारण ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून १ मिलिग्रॅम नायसिन मिळतं. अमेरिकेत हा रोग मक्यावर जगणाऱ्या गरिबांना व्हायचा, आणि मक्यात ट्रिप्टोफॅन कमीच असतं. आपल्याकडे मात्र तो ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांमध्ये दिसला, आणि ज्वारीत ट्रिप्टोफॅन तसं कमी नाही. मग हे कसं?

हैदराबादला काम करणारे डॉ. कोलुथुर गोपालन आणि त्यांचे सहकारी डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली यावर एक कल्पना मांडली. ज्वारीत ल्युसिन नावाचं दुसरं एक अमिनो आम्ल फार आहे. ते जास्त झालं की ट्रिप्टोफॅनचं नायसिनमध्ये रूपांतर होण्यात अडथळा येतो. या कल्पनेवर पुढे बराच वाद झाला, सगळ्यांच्या प्रयोगांत तो परिणाम सारखा दिसला नाही. त्यामुळे घरी जाऊन ज्वारीची भाकरी बंद करू नका. भाकरीबरोबर डाळ, भाजी, दूध असेल तर पेलाग्रा होत नाही. तो होतो भाकरीशिवाय ताटात काही नसतं तेव्हा.

आम्ही ही गोष्ट दोन कारणांसाठी सांगितली. पहिलं म्हणजे, पेलाग्राच्या रोग्याला नायसिन दिलं की त्याचं मन काही दिवसांत सुधारू लागतं. खरी कमतरता असेल तर ती भरून काढण्यासारखं औषध नाही. दुसरं म्हणजे, अमिनो आम्लं एकमेकांच्या कामात लुडबूड करतात. एकाचा ढीग घातला की दुसऱ्याची अडचण होऊ शकते. आणि हेच ल्युसिन आज जिममधल्या बीसीएए पावडरीचा मुख्य घटक आहे.

मेंदूच्या दाराशी गर्दी

आता दुसरी पायरी. रक्तात आलेलं ट्रिप्टोफॅन मेंदूत कसं शिरतं?

सकाळची डहाणू-विरार लोकल बोईसरला येते तेव्हाचा फलाट डोळ्यांसमोर आणा. दार एक, चढणारे अनेक. मेंदू आणि रक्त यांच्यामधल्या पडद्यातही अशीच दारं आहेत, आणि ट्रिप्टोफॅनचं दार स्वतंत्र नाही. त्याच दारातून टायरोसिन, फेनिलॲलनिन, ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन हेही चढतात. या घोळक्यात ट्रिप्टोफॅनची संख्या सर्वांत कमी. म्हणून फलाटावर ट्रिप्टोफॅन एकूण किती, हे पुरेसं नाही. बाकीच्यांच्या तुलनेत किती, यावर त्याचं आत जाणं ठरतं.

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नस्ट्रॉम आणि वुर्टमन या शास्त्रज्ञांनी १९७१-७२ मध्ये उंदरांवर हे दाखवलं. उंदरांना नुसतं पिष्टमय खाणं दिलं तर मेंदूतलं ट्रिप्टोफॅन आणि सेरोटोनिन वाढलं. खाण्यात ट्रिप्टोफॅन नसतानाही! कारण पिष्टमय खाण्याने इन्शुलिन वाढतं, इन्शुलिन बाकीच्या अमिनो आम्लांना स्नायूंकडे वळवतं, फलाट मोकळा होतो आणि ट्रिप्टोफॅनला दार मिळतं. पण खाण्यात थोडंसं जरी प्रोटीन असलं तरी हा परिणाम पुसला जातो. आपला वरण-भात घ्या, त्यात प्रोटीन आहेच. त्यामुळे ‘भात खा, सेरोटोनिन वाढेल’ हा सल्ला कागदावरच राहतो.

यावरून एक गंमत कळते. व्हे प्रोटीनचा मोठा स्कूप घेतला तर ट्रिप्टोफॅन थोडं वाढतं, पण स्पर्धक त्याहून जास्त वाढतात. आणि नुसतं बीसीएए घेतलं तर त्यात ट्रिप्टोफॅन नाहीच, तिन्ही स्पर्धकच आहेत. ‘मूडसाठी प्रोटीन पावडर’ हे वाक्य म्हणूनच लंगडं आहे.

जास्त माल म्हणजे जास्त उत्पादन?

तिसरी पायरी. आमच्यासमोर बसलेल्यांपैकी बरेचजण प्लांटमध्ये काम करतात, त्यांना हे लगेच पटेल. गोडाऊनमध्ये दुप्पट कच्चा माल आणून ठेवला म्हणून उत्पादन दुप्पट होतं का? रिॲक्टरची क्षमता तेवढीच आहे.

टायरोसिनचं साधारण असंच आहे. ते डोपामिनच्या वाटेवर नेणारं एन्झाइम बहुतेक वेळा भरलेलंच असतं. म्हणून वरून टायरोसिन घातलं तरी शांत बसलेल्या माणसात फारसं काही होत नाही. ज्या पेशी जोरात काम करत आहेत, माल भराभर वापरत आहेत, तिथेच त्याचा उपयोग दिसू शकतो. अमेरिकी लष्कराच्या संशोधकांनी १९८९ मध्ये सैनिकांना थंडी आणि विरळ हवेत ठेवून पाहिलं. टायरोसिन घेतलेल्यांना त्रास कमी झाला आणि काम बरं जमलं. पण तो काही तासांचा ताण होता. १९९० मध्ये नैराश्याच्या ६५ रुग्णांवर जी चाचणी झाली, तिच्यात टायरोसिन नकली गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. तात्पुरता ताण आणि नैराश्याचा आजार या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

ट्रिप्टोफॅनचं एन्झाइम इतकं भरलेलं नसतं. तिथे जास्त मालाने थोडं जास्त उत्पादन होऊ शकतं. मग मन सुधारतं का? याचा शोध शास्त्रज्ञांनी उलट बाजूने घेतला. १९९० साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात डेल्गाडो आणि सहकाऱ्यांनी नैराश्यातून औषधाने बरे झालेल्या २१ जणांना ट्रिप्टोफॅन वगळलेलं अमिनो आम्लांचं पेय दिलं. १४ जणांची उदासी काही तासांत परत आली, आणि नेहमीचं जेवण सुरू झाल्यावर गेली. पण हाच प्रयोग निरोगी माणसांवर केला, तर बहुतेकांच्या मनात फारसा फरक पडला नाही.

याचा अर्थ नीट लावू. सेरोटोनिनचा मनाशी संबंध आहे, पण सेरोटोनिन घटलं म्हणजे नैराश्य, इतकं सरळ समीकरण नाही. काही माणसं या बाबतीत नाजूक असतात, विशेषतः आधी नैराश्य येऊन गेलेली. म्हणून या मंडळींनीच डब्यांपासून जास्त सावध राहायला हवं.

आणि ५-एचटीपी? ते दाराची गर्दी टाळून थेट आत जातं. त्याचा उपयोग होत असेलही. पण २००२ साली कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यात १०८ चाचण्या तपासल्या, तेव्हा दर्जाच्या कसोटीला फक्त २ उतरल्या, मिळून ६४ रुग्णांच्या. त्यांत फायदा दिसला, पण एवढ्याशा आधारावर कुणाला ‘हे घ्या’ असं सांगता येत नाही.

डब्यात काय आहे?

आता चौथी गोष्ट. तारापूरला औषधांच्या आणि रसायनांच्या कंपन्या आहेत, म्हणून ही गोष्ट इथे सांगायलाच हवी.

१९८९ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात डॉक्टरांना विचित्र रुग्ण दिसले. स्नायूंमध्ये असह्य वेदना, आणि रक्तात इओसिनोफिल या पेशींचं प्रमाण भयंकर वाढलेलं. सगळ्यांत समान गोष्ट एकच, ते ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या घेत होते. बहुतेक लोक झोप यावी, मन हलकं व्हावं म्हणूनच त्या घ्यायचे. नोव्हेंबरमध्ये गोळ्या बाजारातून परत मागवल्या गेल्या. तोवर देशभरात १,५०० हून जास्त लोक आजारी पडले होते. किमान ३७ जण दगावले. कित्येकांना कायमचं दुखणं लागलं.

तपास जपानमधल्या शोवा डेन्को या एकाच उत्पादकापर्यंत जाऊन पोचला. त्यांनी जिवाणूची नवी जात वापरायला सुरुवात केली होती, आणि शुद्धीकरणाच्या टप्प्यात ॲक्टिव्हेटेड कार्बनचं प्रमाण कमी केलं होतं. प्लांटमधल्या मंडळींना कार्बन ट्रीटमेंट म्हणजे काय ते सांगायला नको. माल ९९ टक्क्यांच्या आसपास शुद्धच होता. घात केला तो उरलेल्या चिमूटभर अशुद्धींनी. त्यातली नेमकी कुठली, यावर अजून एकमत नाही. पण धडा स्पष्ट आहे. ‘हे तर जेवणातलंच नैसर्गिक अमिनो आम्ल आहे’ असं म्हटल्याने डबा सुरक्षित होत नाही. जेवणातलं ट्रिप्टोफॅन रिॲक्टरमधून आलेलं नसतं.

आणि आज आपल्याकडे? २०२४ मध्ये केरळच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या गेल्या. सुमारे ७० टक्के डब्यांवरची प्रोटीनची माहिती चुकीची निघाली, काहींत तर लिहिलंय त्याच्या निम्मंच प्रोटीन होतं. क्यूसीत काम करणाऱ्यांना यातली एक मेख माहीत असेल. प्रोटीन मोजायची नेहमीची पद्धत नायट्रोजन मोजते. ग्लायसिनसारखं स्वस्त अमिनो आम्ल मिसळलं की नायट्रोजन वाढतो आणि कागदावर प्रोटीन वाढलेलं दिसतं.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांनुसार अशा डब्यावर ‘हेल्थ सप्लिमेंट’ आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापणं बंधनकारक आहे. तेवढं वाक्य नीट वाचा. डबा स्वतःच सांगतोय की मी औषध नाही. मग नैराश्यावर तो औषध म्हणून कसा घ्यायचा?

मग उदासीचं काय?

सुरुवातीच्या त्या माणसाकडे परत येऊ. त्याचा त्रास खरा आहे. त्याला ‘काही नाही, मनाचे खेळ आहेत’ म्हणणं आणि त्याच्या हातात डबा देणं, दोन्ही चुकीचं.

त्याच्या बाबतीत पहिला संशय शिफ्टवर घ्यायला हवा. दर आठवड्याला झोपेची वेळ बदलली की शरीराचं घड्याळ भरकटतं, आणि त्याचा मनावर परिणाम होतो. मेलाटोनिन अंधारात तयार होतं. सकाळच्या उन्हातून घरी येऊन खिडकी उघडी ठेवून, मोबाईल हातात घेऊन पडलं तर झोप कशी येणार? खोली काळोखी करा, घरच्यांनी ते तास पाळा. जमेल तिथे शिफ्ट बदलण्याचा वेग कमी करून मागा. याला पैसे लागत नाहीत.

दुसरा संशय रक्तातल्या खऱ्या कमतरतांवर. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ६७ टक्क्यांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. बी-१२ कमी झालं की होमोसिस्टीन नावाचं अमिनो आम्ल रक्तात साचतं, कारण त्याचं मेथिओनिनमध्ये रूपांतर करायला बी-१२ लागतं. या कमतरतेने थकवा, मुंग्या, विसरभोळेपणा आणि उदासीही येऊ शकते. म्हणजे अमिनो आम्लांचा प्रश्न आहेच, पण तो डब्यातल्या पावडरीने सुटत नाही. साध्या तपासणीने कळतो आणि स्वस्त औषधाने सुटतो. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर याही तपासण्या डॉक्टर सांगतील.

आणि तिसरं. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटतंय, कशात रस नाही, जगणं नको वाटतंय, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोन मोफत आहे, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येतं. नाईट शिफ्टच्या मधल्या सुट्टीतही लावता येतो.

जाता जाता एक गोष्ट. आपल्याच जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याचे पाडे आहेत. प्रथिनांची खरी वाण तिथल्या बाळांना आणि बाळंतिणींना आहे. डबे मात्र विकले जातात ते पोटभर जेवणाऱ्यांना. आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजना आहे, तिच्यातून गरोदर आणि स्तनदा मातांना गरम जेवण आणि लहान मुलांना अंडं किंवा केळं मिळायला हवं. ते अंडं त्या मुलाच्या ताटात वेळेवर पोचतंय का, ही चौकशी आपण केली तर ती कुठल्याही डब्यापेक्षा मोलाची ठरेल.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न: माझा मुलगा जिमला जातो, बीसीएए घेतो. त्याने तो उदास होईल का?

नेहमीच्या मात्रेत, नीट जेवणाऱ्या निरोगी मुलाच्या मनावर ठळक परिणाम होण्याचा संभव कमी आहे. पण फायदाही फारसा नाही. ती तिन्ही अमिनो आम्लं डाळ, दूध, अंडी, मासळीत असतातच. त्याला पूर्वी नैराश्य आलं असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

प्रश्न: मी नैराश्याची गोळी घेते. तिच्याबरोबर ५-एचटीपी घेतलं तर लवकर बरं वाटेल का?

नको, ताई. नैराश्याच्या बऱ्याच गोळ्या सेरोटोनिनचं काम वाढवतात. वरून ट्रिप्टोफॅन किंवा ५-एचटीपी घातलं तर सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. अंगाला कंप, खूप घाम, ताप, छातीत धडधड, गोंधळल्यासारखं होणं, अशी लक्षणं दिसली तर ताबडतोब दवाखाना गाठायचा. आणि त्याहून महत्त्वाचं, डबा आणला म्हणून चालू गोळी स्वतःहून बंद करू नका. गोळी कमी करायची असेल तर तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू.

प्रश्न: केळ्यात सेरोटोनिन असतं म्हणतात. मग रोज केळं खाल्लं तर?

केळ्यात सेरोटोनिन असतं, हे खरं. पण खाल्लेलं सेरोटोनिन मेंदूच्या पडद्यातून आत जात नाही. केळं जरूर खा, केळं म्हणून खा. वालाचं बिरडं, नागलीची भाकरी, सुकटाची चटणी, वरण-भात, एखादं अंडं, हे सगळं मिळून जो कच्चा माल येतो तो निरोगी माणसाच्या मेंदूला पुरतो. त्यातूनही मन उदास राहत असेल, तर डबा बाजूला ठेवा आणि माणसाशी बोला. आधी घरातल्या, मग दवाखान्यातल्या.